जंगलातल्या मुंग्यांना हुकूम कोण देतं?

हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच आणि दरवेळी दोन ओळींत उत्तर देऊन मी पळ काढतो, म्हणून यावेळी बसून सविस्तर लिहितोय. तुम्ही म्हणताय की व्हिडिओत हजारो मुंग्या गोल गोल फिरत राहिल्या आणि दमून मेल्या, तर राणीने त्यांना थांबवलं का नाही, आणि मुळात एवढ्या लाखो मुंग्यांपर्यंत राणीचा हुकूम पोचतो कसा. शिवाय जाता जाता विचारलंय की पावसाळी जंगलात उंच झाडांच्या शेंड्यावर इतक्या मुंग्या असतात त्या खातात काय. ते शेवटी घेतो.

तर राणी हुकूम देतच नाही. सगळा घोळ 'राणी' या शब्दाने केलाय, शब्द ऐकला की आपल्या डोक्यात सिंहासन, दरबार, हुजरे सगळं येतं. प्रत्यक्षात ती अंडी घालते, बास. तिच्या अंगाला एक वास असतो, त्यावरून बाकीच्यांना कळतं की राणी आहे, ठणठणीत आहे, आणि बऱ्याच जातींत त्या वासामुळे कामकरी मुंग्या स्वतः अंडी घालायच्या भानगडीत पडत नाहीत. पण 'आज पूर्वेला जा' किंवा 'परत फिरा' असलं काही त्या वासात नसतं.

मग चालवतं कोण? माझं मत विचाराल तर मुंग्यांचं घर पोरं चालवतात. घरात तान्हं बाळ आलं की सगळ्यांचं झोपायचं, उठायचं, जेवायचं टाइमटेबल तेच ठरवतं ना, त्याला बोलता येत नसलं तरी, तसंच.

तुमच्या व्हिडिओतल्या त्या आर्मी अँट म्हणजे लष्करी मुंग्या. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात त्यातली एसिटॉन बर्चेली ही जात सगळ्यात जास्त अभ्यासलेली आहे. टी. सी. श्नीर्ला नावाच्या अमेरिकन माणसाने १९३२ पासून पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर जाऊन वर्षानुवर्षं त्यांचा पिच्छा पुरवला आणि त्याला एक पक्कं कॅलेंडर सापडलं, साधारण १५ दिवस भटकायचे आणि साधारण २० दिवस एका जागी मुक्कामाचे, की पुन्हा १५ दिवस भटकंती. आधी लोकांना वाटायचं की आसपासची शिकार संपली की त्या जागा बदलतात. श्नीर्लाने दाखवलं की तसं नाही, कॅलेंडर पिल्लांच्या वाढीवर चालतं. अळ्या असतात तोवर त्यांना सतत खायला लागतं, त्यांच्या चुळबुळीने आणि अंगाच्या वासाने कामकरी मुंग्या पेटलेल्या असतात, रोज धाड आणि रात्र झाली की सगळा बाडबिस्तरा उचलून नव्या जागी. अळ्या कोषात गेल्या की खाणारी तोंडंच बंद, मग कॉलनी निवांत होते, धाडी कमी आणि मुक्काम एकाच ठिकाणी. याच काळात राणीचं पोट फुगून टम्म होतं आणि ती थोड्याच दिवसांत हजारोंच्या हजारो अंडी घालते. मग कोषातून नवीन मुंग्या बाहेर, अंड्यांतून नवीन अळ्या बाहेर, पुन्हा भुकेली तोंडं, चला, उचला सामान.

आणि घर म्हणाल तर यांना घरच नसतं. स्वतःच्या अंगांचंच घर करतात, पायांना आकडे असतात ते एकमेकींच्या पायांत अडकवून लाखो मुंग्या झाडाच्या ढोलीत किंवा पडलेल्या ओंडक्याखाली गोळा होऊन लटकतात, आत मधोमध राणी आणि पिल्लं, आणि आतलं तापमान त्या बऱ्यापैकी स्थिर राखतात. मी कोस्टा रिकात एकदा यांची धाड बघितली. आधी मुंग्या दिसल्याच नाहीत, आधी पक्षी ओरडायला लागले, मग सुक्या पाचोळ्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज, म्हटलं छत्री काढावी, तर पाऊस कुठला, झुरळं, नाकतोडे, कोळी जीव घेऊन पळत होते त्याचा तो आवाज होता. ते पक्षी मुंग्या खात नाहीत बरं का, मुंग्यांनी पळवलेले किडे आयते टिपायला येतात. मी शहाणपणा करून फोटोसाठी नेमका रांगेत पाय दिला, त्याबद्दल पुढे काही लिहीत नाही.

जाता जाता सिनेमातली भीती पण काढून टाका. एसिटॉनच्या धाडीची आघाडी तासाला पंधरा-वीस मीटर सरकते, लहान मूलसुद्धा चालत बाजूला होईल. खातात ते मुख्यतः किडे, कोळी, विंचू आणि दुसऱ्या मुंग्यांची पिल्लं. आफ्रिकेतल्या ड्रायव्हर मुंग्या जास्त खतरनाक, बांधलेलं किंवा कोंडलेलं छोटं जनावर त्यांच्या तावडीतून सुटत नाही, पण ज्याला चालता येतं त्याला काही धोका नाही.

आता तुमचं ते गोल फिरणं. या मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात, पुढचीच्या वासावर चालतात, प्रत्येक जण चालता चालता थोडा वास जमिनीवर सोडते आणि मागची तो धरते. नियम इतकाच, पुढे वास आहे तिकडे जा. जंगलात हे झकास चालतं कारण पुढे कुठेतरी शिकार असते नाहीतर घर असतं. पण पावसाने वगैरे एखादी तुकडी मूळ वाटेपासून तुटली आणि पहिली मुंगी फिरून शेवटचीच्या मागे लागली, की वर्तुळ पूर्ण झालं, आणि प्रत्येक फेरीला वास आणखी पक्का होतो. विल्यम बीबी या निसर्ग अभ्यासकाने गयानात बघितलेलं असं एक वर्तुळ १९२१ साली लिहून ठेवलंय, घेर सुमारे १२०० फूट आणि एका मुंगीला एक फेरी पूर्ण करायला अडीच तास लागत होते! राणी थांबवणार कशी, तिला पत्ताच नसतो, आणि पत्ता असता तरी सांगायची सोयच नाहीये. हुकूम देणारं कुणीतरी असतं तर हे झालंच नसतं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच व्हिडिओत आहे.

पण लगेच त्यांना बिनडोक म्हणू नका, हेच साधे नियम कमाल पण करतात. वाटेत फट आली की काही मुंग्या थांबून एकमेकींना धरून अंगांचा पूल करतात, वरून वर्दळ चालू असेपर्यंत तशाच राहतात आणि वर्दळ कमी झाली की सुटून चालायला लागतात. हा पूल सरकवत सरकवत त्या वाट लहान करतात, पण सगळ्यात जवळची वाट होईल तिथपर्यंत नेत नाहीत, थोडा अलीकडेच थांबवतात, कारण पुलात जितक्या अडकल्या तितक्या शिकारीला कमी. हा हिशोब कुणी एकीने बसून केलेला नसतो.

राणीची खरी पत किती ते बघायचं तर कॉलनी फुटते तेव्हा बघावं. कॉलनी फार मोठी झाली की थोड्या नव्या राण्या तयार होतात आणि कामकरी मुंग्या दोन गट करून निघतात. कुठल्या राणीबरोबर जायचं ते कामकरी ठरवतात. जी नको असेल तिला काहीजणी घेरून जागच्या जागी अडवून धरतात आणि बाकीच्या निघून जातात. ती तिथेच मरते. एवढा राणीचा रुबाब.

पोरं चालवतात म्हटलं ते आशिया, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतल्या विणकर मुंग्यांमध्ये तर जरा जास्तच खरं आहे. या जिवंत पानं शिवून झाडावर घर करतात. दोन पानांमध्ये अंतर जास्त असेल तर एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि पान ओढून आणतात, पण शिवायला दोरा हवा ना, तो मोठ्या मुंगीकडे नसतो, अळीकडे असतो. मग घरातून अळी उचलून आणायची, जबड्यात धरायची, पानाच्या कडेला टेकवायची की ती रेशीम सोडते, मग पलीकडच्या पानाला टेकवायची, परत अलीकडे, अगदी मागावर धोटा फिरवावा तशी. या अळ्या ते रेशीम घरासाठी देतात आणि स्वतः कोष न विणता उघड्यावरच मोठ्या होतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडा वेळ काही सुचलं नव्हतं.

पानं कापून नेणाऱ्या मुंग्या, लीफकटर, त्यांचं तर आणखी पुढचं. बहुतेकांना वाटतं की त्या पानं खातात. १८७४ साली थॉमस बेल्ट या इंग्रज इंजिनियरने निकाराग्वामधल्या निरीक्षणांवरून लिहिलं की पानं खायला नाहीत, पानांवर बुरशीची शेती करायला नेतात, आणि ते बरोबर निघालं. पानं चावून लगदा करायचा, त्यावर बुरशी वाढवायची, आणि अळ्यांचं सगळं पोट त्या बुरशीवर. ही बुरशीशेती मुंग्यांनी सुरू केली त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली असं २०२४ च्या जनुकांच्या अभ्यासातून निघालं, म्हणजे डायनोसॉर गेले त्याच सुमाराला. सुरुवातीला साधा कचरा, किड्यांची विष्ठा यावर शेती होती, ताजी पानं कापणं खूप नंतरचं. नवी राणी लग्नाच्या उड्डाणाला निघते तेव्हा तोंडातल्या एका छोट्या खिशात माहेरच्या बुरशीचा तुकडा घेऊन जाते, म्हणजे दह्याचं विरजणच म्हणा.

इथे राणी तर सोडाच, बुरशीपण मालकीण आहे. संशोधकांनी मुंग्यांना संत्र्याच्या सालीचे तुकडे दिले आणि त्यात बुरशीला मारणारं औषध मिसळलं. मुंग्यांना त्याचा वास येत नाही, त्यांना स्वतःला त्रासही नाही, त्यांनी आनंदाने ते घरी नेलं. काही तासांनी नेणं बंद! आणि पुढे कित्येक आठवडे औषध न लावलेली संत्र्याची सालसुद्धा नाकारली. म्हणजे बुरशी आजारी पडली आणि त्याची खबर कशीतरी कामकऱ्यांपर्यंत पोचली. तोंड नाही, मेंदू नाही, आणि बाजारातून काय आणायचं ते ठरवतेय.

बेल्टनेच अजून एक गोष्ट बघितली होती, बैलाच्या शिंगासारखे पोकळ काटे असणारी बाभळीच्या कुळातली झाडं आणि त्या काट्यांत राहणाऱ्या मुंग्या. मुंग्या पानं खाणाऱ्यांना हाकलतात, वेली कुरतडून टाकतात, झाड त्यांना राहायला काटा, प्यायला गोड रस आणि पानांच्या टोकाला प्रथिनांचे छोटे दाणे देतं. १९६६ साली डॅनियल जॅन्झन या जीवशास्त्रज्ञांनी मेक्सिकोत मुंग्या काढून टाकून दाखवलं की त्या नसतील तर झाडांचे हाल होतात. गोड मैत्री वगैरे आपण म्हणतो. पण पुढे कळलेला भाग जरा काळा आहे. नेहमीची साखर पचवायला जे एन्झाइम लागतं ते नव्या मुंगीच्या पोटात असतं, पण तिने झाडाचा रस एकदा प्यायला की रसातलं एक प्रथिन ते एन्झाइम बंद पाडतं. या झाडाच्या रसात साखर आधीच फोडलेली असते, म्हणून तो रस तिला चालतो, दुसरीकडचा पचत नाही. पहिल्या घोटात गिऱ्हाईक कायमचं बांधलं. मैत्री म्हणायचं की काय म्हणायचं तुम्ही ठरवा.

आणि खरा हुकूम चालतो तो एका वेगळ्याच बुरशीचा, ऑफिओकॉर्डिसेप्स, तीच ती 'झोंबी मुंगी'वाली. थायलंडमधल्या अभ्यासात दिसलं की शेंड्यावर राहणारी मुंगी बाधा झाली की झटके येऊन खाली पडते, जमिनीपासून साधारण २५ सेंटीमीटर उंचीवरच्या पानाखाली जाते, भर दुपारी पानाची शीर चावून धरते आणि तशीच मरते, मग डोक्यामागून बुरशीचा दांडा फुटतो आणि खाली बीजाणू पडतात. लोक म्हणतात मेंदूचा ताबा घेते. २०१७ च्या एका अभ्यासात उलटं दिसलं, बुरशीच्या पेशी अंगभर आणि स्नायूंभोवती जाळं करून बसलेल्या, मेंदूत मात्र एकही शिरलेली नाही. हे प्रकरण नवीनही नाही, जर्मनीत मेसेल इथे सापडलेल्या ४ कोटी ८० लाख वर्षं जुन्या पानाच्या जीवाश्मावर शिरेजवळ तसल्याच चाव्याच्या खुणा आहेत.

आता शेंड्यावरच्यांचं जेवण. हा प्रश्न संशोधकांनाही छळत होता, कारण शेंड्यावर मुंग्या इतक्या की त्यांनी शिकार करावी एवढे किडेच तिथे नाहीत. पेरू देशातल्या एकाच झाडावर ४३ जातींच्या मुंग्या मिळाल्या होत्या, ब्रिटनमध्ये मिळून जेवढ्या जाती आहेत जवळपास तेवढ्या. २००३ मध्ये मुंग्यांच्या शरीरातला नायट्रोजन तपासल्यावर (त्याच्या प्रकारांवरून कोण काय खातं ते कळतं) दिसलं की यातल्या बऱ्याचशा शिकारी नाहीतच, शाकाहारी म्हणावं अशा आहेत. झाडाचा गोड रस पितात, आणि मावा, पिठ्या ढेकूण असले रसशोषक कीटक गाईसारखे पाळून त्यांच्या मागून येणारा गोड द्रव पितात. मध्ये एखादा किडा मिळाला तर सोडत नाहीत, पण रोजचं पोट झाडावर.

लष्करी मुंग्यांचा दुसरा एखादा व्हिडिओ मिळाला, गोल फिरण्याचा नाही, नुसत्या रांगेचा, तर स्पीड कमी करून बघा. मधून ओझं घेऊन परतणाऱ्या आणि दोन्ही कडांनी जाणाऱ्या, अशा तीन लेन दिसतील. ओझेवाली वळत नाही, रिकामी मुंगी समोर आली की तीच बाजू देते, त्यातून आपोआप लेन पडतात.