गावातून रिमोट काम करणाऱ्यावर मॅनेजरचा भरवसा का नसतो?

मी दारव्ह्याजवळच्या गावातून पुण्यातल्या टीमसाठी काम करतो. माझ्या मते मॅनेजरची खरी धास्ती म्हणजे माणूस डोळ्यांसमोर नसणं. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचं काम नीट होतं. पण हायब्रिड पद्धतीत, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम करताना, तसा भरवसा वाटणं अवघड झालंय, असं ८५ टक्के वरिष्ठांचं म्हणणं होतं.

आपल्याकडे त्यात लाइनची भर. मे महिन्यात भरदुपारी लाइन गेली की टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपवरचा, आपण ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका जातो, आणि तिकडे वाटतं हा गायब झाला! सकाळीच दोन ओळी टाकत जा: आज काय संपवणार, आणि लाइन कधी जाऊ शकते. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा.

बढतीचं मात्र जपा. चीनमधल्या सीट्रिप कंपनीतल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, तरी तेवढ्याच कामगिरीला ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा बढती कमी मिळाली. हे फार अन्यायाचं आहे. अप्रेझलची वाट पाहू नका. केलेलं काम महिन्याच्या महिन्याला लेखी पाठवा आणि बढतीचा विषय स्वतःहून काढा.