दारापर्यंत जाऊन परत आलास, तरी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगच्या दारापर्यंत गेलास, आतून हसण्याचा आवाज आला आणि माघारी फिरलास. ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय त्यांच्यात जाऊन मी काय करू, असं तू विचारतोस. त्या हसण्याला मीही बिचकलो होतो. पुढे कळलं, आत हसणाऱ्यांतले बरेचजण कधी ना कधी त्याच दारातून परत फिरलेले असतात.

पण आधी एक गोष्ट, आणि ती मीटिंगपेक्षा महत्त्वाची. रोज पितोस आणि सकाळी हात थरथरतात, असं तू लिहिलंयस. मग 'सोमवारपासून एकदम बंद' असं परस्पर ठरवू नकोस. डॉक्टरांना भेट आणि किती पितोस ते खरं सांग, लाजेपोटी अर्धं करून सांगू नकोस. रोजची दारू अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, भ्रम आणि भास होऊन ते जिवावर बेतू शकतं. यावर औषधं आहेत, आणि ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायची असतात.

मीटिंग मात्र त्यासाठी लांबणीवर टाकू नकोस. या मीटिंग भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संस्थेत सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. सुटलेली असायला हवी, असं कुणी म्हणत नाही. फी नाही, अर्ज नाही, आडनाव सांगावं लागत नाही. शेवटी वर्गणीसाठी काहीतरी फिरवतात, तेव्हा नव्या माणसाने पुढे सरकवलं तरी चालतं.

मीटिंगच्या यादीत 'ओपन' आणि 'क्लोज्ड' असे शब्द दिसतील. क्लोज्ड म्हणजे आपल्याला प्रवेश नाही, असं वाटून तू ती सोडून देशील, म्हणून सांगतो. क्लोज्ड ही तुझ्यासारख्यांसाठीच असते, पिण्याचा त्रास असलेल्यांपुरती. ओपनला घरचे, मित्र, कुणीही येऊ शकतं. यादीतली वेळ जुनी असू शकते, म्हणून निघण्याआधी संस्थेच्या हेल्पलाइनला फोन करून खात्री कर. तो फोन बऱ्याचदा स्वतः दारू सोडलेला माणूसच उचलतो. 'मी पहिल्यांदाच येतोय' एवढं सांगितलंस की कुणीतरी दारात थांबेल. अगदीच पाय उचलत नसेल तर आधी ऑनलाइन मीटिंगला बस, कॅमेरा बंद ठेवून. पण तिथेच राहू नकोस.

नुसतं बोलून काय होणार, हा तुझा प्रश्न रास्त आहे. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात पुढे या संस्थेचा एक संस्थापक झालेला बिल विल्सन नावाचा माणूस एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. व्यवहार फिसकटलेला, शेजारी बार, आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. आत जाण्याऐवजी त्याने चर्चमध्ये फोन लावले आणि आपल्यासारखाच दारूत अडकलेला कुणी भेटेल का, असं विचारलं. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. बिलने फोन केला होता तो स्वतः दारूपासून वाचावं म्हणून. हे मला फार मोलाचं वाटतं. तू आत जाऊन बसलास की जुन्या माणसांना आपला पहिला दिवस आठवतो, आणि त्या आठवणीवर त्यांचा आजचा दिवस निभावतो. तू तिथे ओझं नाहीस रे.

आणि बॉब त्या भेटीनंतरही एकदा प्यायले. त्यांचा शेवटचा पेला 10 जून 1935 चा, आणि संस्थेचा जन्मदिवस तोच मानतात. स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलो, म्हणून शरमेने मी चार महिने मीटिंगला तोंड दाखवलं नव्हतं. ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते. तुझ्याकडून असं झालं तर दुसऱ्याच दिवशी जा. 'काल प्यायलो' एवढंच म्हण आणि बस.

मीटिंगमध्ये देवाचं नाव ऐकून अवघडशील, मीही अवघडलो होतो. दारू सोडण्यासाठी संस्थेने आखलेल्या बारा पायऱ्यांत 'आपल्याला जसा उमगला तसा' देव आहे, आणि देव न मानणारे कितीतरीजण मीटिंगला येतात. तरीही जमलं नाही तर स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संस्था आहे, 1994 पासून. तिथे श्रद्धेचा भाग नाही, विचार आणि सवयी बदलायच्या पद्धती शिकवतात. कुठेही जा, पण एका मीटिंगवरून निकाल देऊ नकोस. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. तीन-चार ठिकाणी बसून बघ, आणि जिथे कुणाचं तरी बोलणं ऐकून 'हे तर माझंच' असं वाटेल तिथे टिकून राहा. बोलायलाच हवं असं नाही. 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं.

मीटिंग तासा-दीड तासाची असते, पण खरी ओळख होते ती नंतर खुर्च्या उचलताना. तेव्हा पळून जाऊ नकोस. दोघांचे तरी नंबर घे. रात्री तलफ आली की नंबर शोधत बसायची ताकद नसते, तो आधीच हातात असावा लागतो. स्पॉन्सर, म्हणजे तुला वाट दाखवणारा जुना सभासद, सावकाश निवड, ज्याचं वागणं पटेल असा.

गुरुवारची मीटिंग सातला आहे म्हणालास. पावणेसातला पोच, म्हणजे भरलेल्या खोलीत शिरावं लागणार नाही. परत आलास की फोन कर, दहा वाजले तरी चालेल. आणि पुन्हा दारातूनच वळलास, तरीही कर.

तुझा,
काका