६जीची वाट बघायची की ५जी फोन आत्ताच घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गिरगावात चाळीत, ऑफिस बीकेसीला, २०१९चा ४जी फोन अजून चालतोय. आता ५जी घ्यावा, की ६जी येईपर्यंत कळ काढावी?

६जीसाठी थांबू नका. आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) २०२३ मध्ये त्याला 'आयएमटी-२०३०' हे नाव दिलं, त्यातच वेळापत्रक आलं. मानकं अजून पक्की व्हायची आहेत आणि मानकं ठरली म्हणजे गिरगावात रेंज आली असं नव्हे. ५जीचं पहिलं मानक डिसेंबर २०१७चं, पण मुंबईत सेवा सुरू झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात '५जी' म्हणून फोन घेतलेल्यांना ते ४जीवरच वापरावे लागले. 'आयफोन १२' हे मॉडेल ऑक्टोबर २०२०चं. त्यात भारतातलं ५जी चालू झालं डिसेंबर २०२२च्या अपडेटनंतर. काही अँड्रॉइड फोनांत तर एक-दोनच ५जी बँड (लहरींचे पट्टे) होते, आणि बँड हा हार्डवेअरचा मामला, अपडेटने वाढत नाही. ६जीचे पहिले फोनही याच वाटेने जाणार, असं माझं मत.

पण '५जी आलंय म्हणून' चालता फोन टाकायलाही मी सांगणार नाही. आधी सुरक्षा अपडेट बघा. ते बंद होऊन वर्ष उलटलं असेल आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर फोन बदला. अपडेट येत असतील आणि तक्रार फक्त चार्जिंग टिकत नाही एवढीच असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बदलून घ्या. नव्या फोनच्या मानाने खर्च किरकोळ.

घ्यायचं ठरलंच तर बघायचे ते बँड. जिओचं ५जी स्टँडअलोन आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालतं, बँड मुख्यतः एन७८ (३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास) आणि एन२८ (७०० मेगाहर्ट्झ). एअरटेलचं बव्हंशी ४जीच्या खांद्यावर बसलेलं, एन७८वर. व्हीआयने मुंबईत मार्च २०२५ मध्ये सुरू केलं, तेही एन७८वर. एन७८ वेगवान, पण भिंतीत अडखळतो. चाळीच्या जाड भिंतींमागच्या आतल्या खोलीत, किंवा बीकेसीतल्या कोटिंगवाल्या काचांच्या आत, तो खिडकीपाशी जोरात आणि चार पावलांवर गायब. तिथे एन२८ कामाला येतो. त्यामुळे जिओ असेल तर एन२८ नसलेला फोन घेऊ नका. दुकानदार 'सगळे बँड आहेत' म्हणेल; कंपनीच्या साइटवर नेमक्या मॉडेल क्रमांकाचं पान उघडून स्वतः वाचा.

पैसे मोजण्याआधी कुणाचा तरी ५जी फोन मागून त्यात आपलं सिम घाला आणि घरात फिरा. अँड्रॉइडमध्ये 'अबाउट फोन'मध्ये 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचं माप) दिसतो. उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली घसरला तर रडगाणं. वरच्या '५जी' चिन्हावर भिस्त ठेवू नका: ४जीच्या आधारावरच्या जाळ्यात ५जी नुसतं उपलब्ध असलं तरी ते चिन्ह झळकू शकतं, डेटा मात्र ४जीवरून येत असतो. म्हणून स्पीड टेस्ट त्याच खोलीत करा, रात्री नऊ-दहाला, सगळी चाळ मोबाइलवर असते तेव्हा.

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये नवा फोनही अडखळेल. हजारो फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारत असतात. ५जी-४जी असं मागेपुढे होत राहिलं की बॅटरीही भराभर उतरते. प्रवासापुरतं 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप' ४जीवर ठेवा. आणि अ‍ॅक्वा लाइन मेट्रोच्या भुयारात रेंज हवी तर आत वेगळे अँटेना लागतात. तिथली बोंब फोन बदलून मिटत नाही.

हिरा पन्ना किंवा मनीष मार्केटमधून बाहेरच्या देशातला किंवा जुना फोन घेणार असाल, तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून एक जागा सोडा, पुढे तो १५ अंकी क्रमांक टाका आणि १४४२२वर एसएमएस करा. क्रमांक ब्लॉक असेल तर तिथेच कळतं. अमेरिकेतल्या आयफोन १४पासून पुढच्या मॉडेलांत सिमची खाचच नसते, फक्त ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं); आधी आपलं सिम ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागेल. बाकी ४जी सिम जिओ-एअरटेलच्या ५जीवर चालतं, त्यासाठी रांग लावू नका. फक्त चालू रिचार्जमध्ये अमर्याद ५जी आहे का ते बघा; स्वस्त प्लॅनमध्ये बहुतेक नसतं.