कातरण आणि कात्रण

प्रश्न : शिवताना उरलेल्या कापडाच्या तुकड्यांना ‘कातरण’ म्हणतात, वर्तमानपत्रातून कापून ठेवतो ते ‘कात्रण’. हे शब्द एकच का? ‘चिंधी’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : एकच. संस्कृत ‘कर्तरी’, प्राकृतात ‘कत्तरी’, त्यातून आपली कातर नि कात्री. ‘कर्ण’चा ‘कान’ झाला त्याच वाटेनं. दळलं ते दळण, तसं कातरलं ते कातरण. चिंधी मात्र म्हणू नका, मला ते खरंच टोचतं. माझी आई शिवणयंत्राखालचे तुकडे डब्यात जपायची. बाहीच्या गोलाईतून निघालेला तुकडा चंद्रकोरीसारखा, कड स्वच्छ कापलेली. चिंधीची कड फाटलेली, दशा सुटलेल्या. (‘कातर’ आवाजातला कातर वेगळा, तो संस्कृतातला ‘भित्रा’ या अर्थाचा शब्द.)