अमेरिकेत गांजाच्या धंद्याचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना कायद्याचं संरक्षण असतं का?

राज्याकडून असतं, केंद्राकडून नाही. दुकानाकडे राज्याचा रीतसर परवाना असताना विमा कंपन्या का कचरतात, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर यातच आहे.

मी पुण्यातून अमेरिकी व्यावसायिक विम्याचं अंडररायटिंग करतो, म्हणजे कुणाचा विमा उतरवायचा आणि कोणत्या अटींवर हे ठरवतो. तिकडे १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून विम्याचं नियमन राज्यांकडे आहे. पण १९७०च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला बसवलं. त्यामुळे केंद्राच्या लेखी दुकानाचा गल्ला म्हणजे गुन्ह्याचा पैसा, आणि दहा हजार डॉलरच्या वरचा हप्ता जाणूनबुजून घेतला तर मनी लाँडरिंगचं कलम लागू शकतं. बँकांना निदान २०१४मध्ये अर्थखात्याने मार्गदर्शक सूचना तरी दिल्या. विमा कंपन्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने तर २०१५मध्ये आपल्या सिंडिकेट्सना, म्हणजे तिथे विमा उतरवणाऱ्या गटांना, या धंद्यातून बाहेरच काढलं.

न्यायालयांचंही एकमत नाही. हवाईत एका महिलेची औषधी गांजाची झाडं चोरीला गेली. तिने घराच्या विम्यावर दावा केला, पण केंद्रीय कायद्याविरुद्ध जाऊन भरपाई द्यायला लावता येणार नाही, असं न्यायालयाने २०१२मध्ये ठरवलं. कोलोरॅडोतल्या ग्रीन अर्थ (गांजाचा धंदा) विरुद्ध अटेन (विमा कंपनी) या खटल्यात मात्र उलटं झालं. वाल्डो कॅन्यनच्या वणव्याच्या धुराने माल खराब झाला होता आणि विमा कंपनी म्हणू लागली, हा मालच बेकायदा. धंदा कसला आहे हे माहीत असूनच पॉलिसी दिली होती, हप्तेही घेतले होते! २०१६मध्ये न्यायालयाने हा बचाव मानला नाही. मला हा निकाल पटतो. हप्ता घेताना गप्प बसायचं आणि दावा आला की कायदा आठवायचा, हे चालू नये.

विमा कंपन्यांवर केंद्रीय यंत्रणांनी कारवाई करू नये, यासाठी तत्कालीन सिनेटर बॉब मेनेंडेझ यांनी २०१९मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये ‘क्लेम’ विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. बँकांसाठीच्या ‘सेफ बँकिंग’ विधेयकात विमा कंपन्यांचीही सोय होती. ते प्रतिनिधीगृहात अनेकदा मंजूर झालं आणि दरवेळी सिनेटमध्ये अडकलं.

याची झळ शेवटी दुकानदारालाच बसते. नेहमीच्या मोठ्या कंपन्या दारात उभं करत नाहीत, म्हणून तो सर्प्लस लाइन्सवाल्यांकडे, म्हणजे नेहमीच्या कंपन्या नाकारतात ती जोखीम घेणाऱ्या विमा कंपन्यांकडे जातो. तिथे हप्ता चढा, अटी जाचक, आणि उद्या ती कंपनीच बुडाली तर राज्याचा हमी निधी सहसा मदतीला येत नाही.

तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे या धंद्यात असेल, तर पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचायला सांगा. ग्रीन अर्थलासुद्धा उभ्या झाडांचे पैसे मिळाले नव्हते, कारण ‘शेतातलं उभं पीक’ पॉलिसीतून वगळलेलं होतं. तोडलेल्या मालाचा दावा तेवढा टिकला.