“हे लिहिणार नाही ना?”

“मॅडम, अनोळखी लोक वाचायला लागले तेव्हापासून मला खरं लिहिताच येत नाही. मी खोटी झाली का?” नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका बाईंनी हे विचारलं, तेव्हा त्यांच्या मांडीवर स्वतःच्याच ब्लॉगची छापील पानं होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न घेऊन आणखीही काही जण आले, म्हणून लिहिते आहे.

त्या सहा वर्षं घरातलं रोजचं लिहीत होत्या. वाचणारे दहा-बारा: बहीण, मैत्रिणी, मामेभाऊ. मग सासऱ्यांच्या आजारपणावरचा एक लेख व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठल्या कुठे गेला आणि हजारो लोक वाचू लागले.

मी त्यांना एक जुनं आणि एक नवं पान मोठ्याने वाचायला सांगितलं. जुन्यात एवढंच होतं: ‘तान्ह्या पोळ्याला पोरगा रुसला. बैलाचं चाकच निघालं.’ नव्यात तान्हा पोळा म्हणजे काय, तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, हे सगळं नीट समजावलेलं. पोरगा कुठेच नव्हता. वाचता वाचता त्यांच्याच ते लक्षात आलं. मी म्हटलं, याला खोटेपणा म्हणू नका. बहिणीला तान्हा पोळा सांगावा लागत नाही, पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगावा लागतो, आणि त्या नादात आपलं माणूस मागे राहतं.

खरं दुखणं तिसऱ्या भेटीत निघालं. मुलगा नववीत. गणितात नापास झाल्यावर तो रात्री रडला, हे त्यांनी मायेनंच लिहिलं होतं. ते त्याच्या वर्गात पोचलं. तो म्हणाला, “आता मी तुला काही सांगत नाही. तू लिहून टाकशील.” आणि त्याच्याशी भांडतानाही आपण मनात पुढच्या लेखाचं पहिलं वाक्य जुळवत होतो, हे सांगताना त्यांना रडू फुटलं.

इथे मी समजूत काढली नाही. दहा-बारा घरच्यांना मुलाचं रडणं सांगणं म्हणजे मावशीशी बोलणं. हजारोंपुढे तेच शब्द त्याला चव्हाट्यावर आणतात. त्याला विचारायलाच हवं होतं.

लिहिणं बंद करा असं मात्र मी म्हटलं नाही. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या कितीतरी बायकांना त्यांच्या लेखानं धीर दिला होता. मी त्यांना फक्त स्वतःसाठी लिहायला एक वही आणायला सांगितली. 1986 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टी लिहिल्या. लिहिल्या लिहिल्या त्यांना जड वाटलं, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या 6 महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. नाव गुप्त राहील, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. मला त्यातलं हेच फार मोलाचं वाटतं.

वहीत पहिल्या दिवशी नुसती किराण्याची यादी झाली. चौथ्या दिवशी तीन पानं. मला वाचून दाखवली नाहीत, मीही मागितली नाहीत. गणिताचा तो लेख त्यांनी मुलाला शेजारी बसवून काढून टाकला. तो काही बोलला नाही. दोन आठवड्यांनी एका रात्री शाळेतलं काहीतरी सांगायला तो स्वयंपाकघरात आला आणि आधी विचारलं, “आई, हे लिहिणार नाही ना?”