मगर खरोखरच कोंबडीसारखी लागते का?

दूरदेशीच्या अपरिचित मांसाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कामानिमित्त मला अनेक देशांत जावे लागते आणि तेथील अनोळखी मांस चाखून पाहण्याची मला हौस आहे. मात्र मगर असो, साप असो वा बेडूक, ‘अगदी कोंबडीसारखे लागते’ हेच वाक्य प्रत्येक वेळी कानी पडते. यात तथ्य किती? आणि नवख्याने सुरुवात कोणत्या मांसापासून करावी?

उत्तर : तथ्य आहे, पण ते सांगणाऱ्यांना वाटते तेवढे नाही. मांसाचा रंग आणि त्याचा काहीसा स्वाद मायोग्लोबिनवर, म्हणजे स्नायूंत प्राणवायू साठवणाऱ्या तांबड्या प्रथिनावर अवलंबून असतो, तर अमुक प्राण्याचे मांस म्हणून जिभेला जी ओळख पटते ती बरीचशी चरबीतून येते. मगर तासन्‌तास निश्चल पडून राहते आणि क्षणभरच झेप घेते. अशा झटक्याच्या हालचालींसाठी घडलेल्या स्नायूंत मायोग्लोबिन कमी असते, त्यामुळे तिच्या शेपटीचे मांस पांढरट, कमी चरबीचे आणि सौम्य चवीचे असते. ज्या मांसाला स्वतःचे असे ठसठशीत काही नाही, त्याला कोंबडीचे नाव देऊन आपण मोकळे होतो, इतकेच. मसाला बेताचा असेल, तर मगरीच्या मांसात माशाची पुसट छटाही जाणवते.

शहामृगाचे याच्या नेमके उलट आहे. तो पक्षी खरा, पण ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने धावू शकणाऱ्या या प्राण्याच्या मांड्यांचे मांस गर्द तांबडे असते आणि डोळे मिटून खाल्ल्यास ते पक्ष्याचे आहे असे कोणी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशात शहामृगे मुळात पिसांसाठी पाळली जात. १९१४ च्या सुमारास पिसांची बाजारपेठ कोसळली, आणि पुढे त्यांच्या मांसाला व कातड्याला महत्त्व आले. नवख्याने येथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण हे मांस बहुधा पाळीव पक्ष्याचे असते आणि त्याची चवही बिचकवणारी नसते. कांगारूचा क्रम त्यानंतर लावावा. ऑस्ट्रेलियात तो पाळला जात नाही. परवानाधारक शिकारी ठरवून दिलेल्या मर्यादेत त्याची रानातच शिकार करतात. त्याच्या मांसात चरबी जेमतेम २ टक्के असल्याने तेथील स्वयंपाकी ते मधोमध गुलाबी ठेवतात. आचेवर जरा जास्त राहिले की ते चामड्यासारखे वातड होते. मात्र अर्धकच्च्या कांगारूच्या मांसातून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी सूक्ष्मजंतूची लागण झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून गर्भवती स्त्रियांनी हा गुलाबीपणाचा आग्रह धरू नये.

प्रश्न : परदेशात राहणाऱ्या आमच्या एका शिकारी स्नेह्याने आम्हांला अस्वलाचे मांस दिले. दोन महिन्यांपासून ते डीप फ्रीझरमध्ये आहे. इतके दिवस गोठलेल्या मांसात जंत जिवंत राहणे शक्यच नाही, असे तो छातीठोकपणे सांगतो. ते अर्धवट भाजून खाल्ले तर चालेल का? त्याने काळीजही (यकृत) दिले आहे.

उत्तर : आपल्या स्नेह्याचा हा समज शिकारी मंडळींत फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अस्वलाच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाचे सूक्ष्म जंत गुंडाळी करून बसलेले असू शकतात. डुकरात सामान्यतः आढळणारी त्यांची जात पुरेसे दिवस गोठवल्यास मरते. उत्तरेकडील थंड प्रदेशातील वन्य प्राण्यांत राहणाऱ्या जाती मात्र गोठण्याला दाद देत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात जमलेल्या एका कुटुंबाने ४५ दिवस गोठवलेल्या काळ्या अस्वलाच्या मांसाचे कबाब केले होते. मांस मुळातच काळपट असल्याने ते शिजले की नाही हे रंगावरून कळेना, आणि ते अर्धकच्चेच वाढले गेले. सहा जण आजारी पडले. त्यांपैकी दोघांनी तर मांसाला स्पर्शही केला नव्हता. त्यांनी त्याच्यासोबत शिजवलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. तापमापक तुकड्याच्या गाभ्यात खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसल्यावरच मांस उतरवावे, आणि कच्च्या मांसाची सुरी, पाट व ताटे वेगळी ठेवावीत. खारवणे, वाळवणे किंवा धुरी देणे यांवर या बाबतीत भरवसा ठेवू नये. मंद आचेवर दीर्घकाळ शिजवलेले अस्वल अर्धवट भाजलेल्यापेक्षा चवीलाही सरस असते, त्यामुळे येथे सावधगिरी आणि रसना यांच्यात भांडण नाही.

काळजाविषयी सांगायचे, तर अस्वल कोणत्या जातीचे होते हे आपण लिहिलेले नाही. ते ध्रुवीय असेल तर काळीज टाकून द्यावे आणि कुत्र्यालाही घालू नये. सील खाऊन जगणाऱ्या या अस्वलाच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा इतका साठा असतो, की त्याची विषबाधा होते. विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीचे सोबती १५९७ मध्ये आर्क्टिक महासागरातील नोवाया झेमल्या बेटावर अडकले असताना त्यांनी असे काळीज खाल्ले. ते गंभीर आजारी पडले आणि त्यांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. उत्तर अमेरिका आणि ग्रीनलंडच्या हिमप्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले इनुइट लोक मात्र ध्रुवीय अस्वल खातात आणि त्याचे काळीज वर्ज्य मानतात. प्राणी खाण्याजोगा आहे एवढे कळून भागत नाही; त्याचा कोणता भाग सोडायचा हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याच हातचे खावे.

प्रश्न : मला कोळंबीची ॲलर्जी आहे. गोगलगाय आणि तळलेले कीटक खाण्यास हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. कोळंबीतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कीटकांतही जवळजवळ तशाच रूपात असते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कीटक खाऊ नयेत, गोगलगायही नाही. घरातील धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असलेल्यांना गोगलगायीपासून तीव्र त्रास झाल्याची उदाहरणे आहेत. ज्यांना माशांची ॲलर्जी आहे, त्यांनी मगरीपासूनही सावध असावे.

प्रश्न : आइसलंडमध्ये सडवलेल्या शार्कचा एक तुकडा मी कसाबसा गिळला. तो खरोखरच कोणाला आवडतो का, की प्रवाशांची गंमत करण्यासाठीच ठेवलेला असतो?

उत्तर : आपल्याविषयी सहानुभूती आहे, पण ‘सडवलेला’ या शब्दाला माझी हरकत आहे. ग्रीनलंड शार्कच्या ताज्या मांसात यूरिया आणि ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड यांचे प्रमाण मोठे असते, आणि ते ताजेच खाल्ल्यास माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागतो. म्हणून पूर्वीचे लोक ते वाळू-खड्यांच्या खळग्यात पुरून वर दगड रचत. दाबाने त्यातील द्रव निथळून जाई, ६ ते १२ आठवड्यांत ते आंबे, आणि नंतर पट्ट्या करून काही महिने वाऱ्यावर टांगले जाई. आपल्या नाकाला झोंबला तो अमोनिया म्हणजे याच प्रक्रियेत फुटलेला यूरिया होय. ज्या बेटावर धान्य पिकणे दुरापास्त होते, तेथे एक अखाद्य मासा खाद्य करण्यासाठी शोधलेली ही युक्ती आहे, आणि तिला मी दाद देतो. चवीला दाद देणे मात्र मलाही जमणार नाही. आजही तो तेथे मुख्यतः हिवाळ्यातील थॉर्राब्लोट या मेजवानीत, बोराएवढ्या तुकड्यांत आणि कडक मद्यासोबतच खाल्ला जातो, यावरून काय ते समजावे.

प्रश्न : एका सहलीत मला खवल्या मांजराचे मांस देऊ करण्यात आले. मी नकार दिला. यजमान नाराज झाले. माझे चुकले का?

उत्तर : मुळीच नाही. खवल्या मांजराच्या आठही जाती वन्य प्राण्यांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. हा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि तेव्हापासून त्यांचा व्यावसायिक आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. ‘हे आमच्या फार्मवरचे आहे’ असे आपल्याला सांगितले गेले असल्यास त्यावरही विश्वास ठेवू नये, कारण मुख्यतः मुंग्या आणि वाळवीवर जगणारा हा प्राणी बंदिस्त जागेत फार कठीणपणे तगतो. मगर किंवा शहामृग यांच्या बाबतीत फार्मचा दाखला मागता येतो आणि मिळतोही. पुढच्या वेळी यजमानांना जेवणाच्या आदल्या दिवशीच विचारून घ्यावे, म्हणजे नकार वाढलेल्या ताटावर द्यावा लागणार नाही.